ग्लायडर शेतात उतरला म्हणजे कोसळला नव्हे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कुठं ग्लायडर शेतात उतरला की बातमीचं हेडिंग ठरलेलं असतं, विमान कोसळलं, आणि खाली इंजिनात बिघाड. अहो साध्या ग्लायडरला इंजिनच नसतं! थर्मल म्हणजे वर चढणारा गरम हवेचा झोत मिळाला तर वर जायचं, नाही मिळाला आणि धावपट्टीपर्यंत पोचत नसेल तर चांगलं शेत बघून उतरायचं, हे आम्हाला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला पहिल्यापासून शिकवलं. त्यामुळं नुसतं शेतात उतरणं हा अपघात नाही.

अपघात होतो तो निर्णयाला उशीर झाल्यानं. साधारण 2000 फुटांवर भाग बघून ठेवायचा, 1500 ला शेत नक्की करायचं, 1000 ला उतरायचं सर्किट, म्हणजे शेताच्या बाजूनं घ्यायची ठरलेली फेरी, सुरू करायचं आणि मग थर्मलचा नाद सोडायचा. पण होतं काय की अजून एक थर्मल मिळेल, ग्लायडर सुटा करून ट्रेलरवर घालून न्यायची कटकट वाचेल, म्हणून माणूस 500 फुटांवर पण घिरट्या घालत बसतो आणि शेत तर ठरलेलंच नसतं. मग शेवटचं वळण घाईत, कमी स्पीडला, जमीन एवढी जवळ बघून पंख कलवायची भीती वाटते म्हणून नुसता रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून वळण घेतो, आतल्या बाजूचा पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते, आणि ग्लायडर भोवऱ्यासारखा फिरत खाली येतो. तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. 45 अंश कलून वळताना स्टॉलचा स्पीड सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो हे पायलटला पाठ असतं, पण गडबडीत ते आठवत नाही. जीव जातो तो जास्त करून अशा वळणात.

आपल्या सातारा सांगलीत तर शेत निवडणं अजून अवघड. कराड वाळव्याकडं ऊस, तासगावला द्राक्षाचे मांडव, त्यांचे अँगल आणि तारा. उंच पिकात एक पंख अडकला की ग्लायडर गर्रकन फिरतो आणि शेपटी मोडते. माण खटावचं माळरान वरून मोकळं वाटतं, पण ताली आणि दगड खाली आल्यावरच दिसतात. उतार पण वरून कळत नाही, ओढा कुठं आहे त्यावरून अंदाज घ्यायचा आणि चढाच्या दिशेनं उतरायचं. सगळ्यात वाईट विजेच्या तारा, त्या वरून दिसतच नाहीत, म्हणून खांब आणि खांबाच्या सावल्या शोधायच्या, आणि विहिरीवर मोटारीची खोली दिसली की तिथं तार आलेली आहे असं धरूनच चालायचं. नांगरट असेल तर सरीच्या दिशेनं उतरायचं, आडवं नाही.

तेव्हा वार्ताहर मंडळींना विनंती, अशी बातमी करताना शेत किती उंचीवर ठरवलं, पीक कोणतं होतं, तारा होत्या का, हे जाणकाराला विचारून लिहा, त्यातून पुढच्या पायलटला काहीतरी कळेल.

आणि गावकऱ्यांना पण सांगायचंय. ग्लायडर खाली येताना आवाज जवळपास नसतोच आणि त्याला परत वर जाऊन दुसरी फेरी मारता येत नाही, म्हणून बघायला शेतात पळू नका, पोरं आणि जनावरं बाजूला घ्या, बांधावर थांबा. उतरल्यावर पंखाचं टोक किंवा शेपटी धरून ओढू नका, कुठं धरायचं ते पायलटच सांगेल. पिकाचं नुकसान झालं असेल तर त्याचं पण तिथंच पायलटशी बोलून घ्या.

– एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा