विषय: वायरलेस गेमपॅडचं बटण उशिरा लागतं, बदलून द्या नाहीतर पैसे परत करा

नमस्कार,

मराठीत लिहितोय कारण तुमच्या साइटवर मराठीत सपोर्ट मिळेल असं लिहिलंय, आणि चॅटवर तीच तीच कॉपी पेस्ट उत्तरं वाचून डोकं उठलंय.

तुमचा वायरलेस गेमपॅड घेतला तो खास सुपर मीट बॉयसाठी. 2010 चा गेम आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पण मस्त पळतो, फक्त कीबोर्डवर खेळायचा गेम नाही तो, स्वतःच कंट्रोलर वापरा म्हणून सांगतो. तुमच्या बॉक्सवर 'लो लेटन्सी', म्हणजे बटण दाबल्यावर उशीर कमी, असं ठळक छापलंय म्हणून चार पैसे जास्त देऊन हाच घेतला. आणि आता बटण दाबलं की उडी कधी लगेच लागते, कधी उशिरा.

"हा गेमचा इश्यू दिसतो" असं तुमच्या सपोर्टमधल्या ज्यांनी लिहिलं त्यांनी गेम बघितलेला नाही हे उघड आहे, म्हणून सांगतो. दोन उभ्या भिंतींच्या मधून वर चढायचं असतं, मीट बॉय भिंतीला चिकटतो आणि लाल डाग सोडत घसरायला लागतो, तेवढ्यात बटण दाबून समोरच्या भिंतीवर, तिथून परत इकडे, आणि आजूबाजूला करवती गरगर फिरतायत. बटण किती वेळ धरलं त्यावर उडी किती उंच ते ठरतं, त्यामुळे दाबणं वेळेत पोचायला पाहिजे तसं सोडणं पण पोचायला पाहिजे. तुमच्या पॅडवर नुसती टिचकी मारली तरी मधूनच पूर्ण उडी लागते आणि डोकं थेट वरच्या करवतीत! मरायला माझी ना नाही, त्या गेममध्ये मरणारच, लगेच परत सुरू होतो आणि लेव्हल पार झाली की आधीचे सगळे मेलेले मीट बॉय रिप्लेमध्ये एकदम धावताना दिसतात. पण ते माझ्यामुळे मेलेले असावेत ना, तुमच्या ब्लूटूथमुळे कशाला.

हाच पॅड यूएसबी केबल लावून खेळलो तर एकदम व्यवस्थित. म्हणजे गेम पण ठीक, लॅपटॉप पण ठीक. फोनवर 240 एफपीएसला (सेकंदाला 240 फ्रेम) स्लो मोशन काढून बघितलं, बोट खाली गेल्यापासून स्क्रीनवर उडी दिसेपर्यंत केबलपेक्षा वायरलेसला कधी कधी 80 मिलिसेकंदाच्या आसपास जास्त लागतात, 60 एफपीएसच्या गेममध्ये हे जवळपास पाच फ्रेम झाले. व्हिडिओ माझ्या तक्रारीच्या तिकिटाला जोडलेत, कोणी उघडलेत असं वाटत नाही. नेहमी तेवढाच उशीर असता तर हाताला सवय तरी झाली असती, पण हा दर वेळी वेगळा. सेलेस्ट हा असाच उड्यांचा दुसरा गेम पण लावून बघितला, तो बराच दयाळू आहे, कडेवरून पाय सुटल्यावरही 0.1 सेकंद उडी मारू देतो, भिंतीपासून दोन पिक्सेल लांब असलं तरी वॉल जंप देतो. तिथे पण तुमचा पॅड धडपडतोच.

यावर तुमचे सल्ले म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. बॅटरी फुल आहे, रिसेट केला, फर्मवेअर लेटेस्ट आहे. "डिव्हाइसच्या जवळ बसा" म्हणे, अहो लॅपटॉप समोरच्या टेबलावर आहे, अजून किती जवळ बसू? आणि केबल लावूनच खेळा असं सांगू नका, तसं असतं तर वायरवाला स्वस्तातला घेतला असता.

विक्रेता म्हणतो रिप्लेसमेंटची मुदत संपली, कंपनीशी बोला. ती संपली कारण तुम्ही तिकीट न विचारता दोनदा बंद केलंत. वॉरंटी एक वर्षाची आहे, बिल जोडलंय. दुसरा पीस द्या, पण वायरलेसवर तपासून, नाहीतर पूर्ण पैसे परत, कुपन नकोय. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतोय, व्हिडिओ तयारच आहेत.

आणि या वेळी तिकीट मला विचारल्याशिवाय बंद करू नका.

तुमचा वैतागलेला ग्राहक