पदकाच्या आधीची सहा वर्षे : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सादर नमस्कार.

मी पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. माझी मुलगी तेरा वर्षांची असून गेली पाच वर्षे ती स्केटबोर्ड चालवते. या खेळात नाव मिळवायचे, तोच आपला व्यवसाय करायचा, हे तिने मनाशी पक्के धरले आहे आणि आई म्हणून मी तिच्या पाठीशी उभी आहे. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून, ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे तीच मांडते.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका सार्वजनिक क्रीडासंकुलात मी सरावाची परवानगी मागायला गेले होते. तिथे रोलर स्केटिंगची रिंक आहे. स्केटबोर्डमुळे पृष्ठभागावर ओरखडे पडतात, त्यामुळे तिथे परवानगी देता येणार नाही, असे मला सांगण्यात आले. ही अडचण खरी आहे, ती मी मान्य केली. दुसरी एखादी जागा मिळेल का, असे विचारल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी अगदी सौजन्याने विचारले, "मुलीने राज्यस्तरावर काही मिळवले आहे का? प्रमाणपत्र घेऊन या, मग बघू." राज्यस्तरावर काही मिळवायचे तर सराव हवा, सरावाला जागा हवी आणि जागेसाठी राज्यस्तराचे प्रमाणपत्र हवे. त्या अधिकाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या हातातल्या अर्जात तोच रकाना होता आणि तो रकाना दुसऱ्याच खेळांच्या वयावरून आखलेला होता.

स्केटबोर्डिंग 2021 मध्ये टोकियोला पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये खेळले गेले. महिलांच्या 'स्ट्रीट' प्रकारात, म्हणजे रस्त्यावरच्यासारख्या पायऱ्या, कठडे आणि उतारांवर खेळायच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवणारी जपानची मोमिजी निशिया तेरा वर्षांची होती, रौप्यपदक मिळवणारी ब्राझीलची रायसा लेआलही तेरा वर्षांची आणि कांस्यपदक मिळवणारी फुना नाकायामा सोळा वर्षांची. 'पार्क' प्रकारात, म्हणजे वाडग्यासारख्या वक्र उतारांवर खेळायच्या प्रकारात, रौप्य मिळवणारी कोकोना हिराकी अवघी बारा वर्षांची होती. हा योगायोग असता तर पॅरिसला चित्र बदलले असते. तिथेही 2024 मध्ये स्ट्रीटचे सुवर्ण चौदा वर्षांच्या कोको योशिझावाने जिंकले आणि पार्कचे सुवर्ण चौदा वर्षांच्याच ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रूने. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत महिलांच्या स्ट्रीटचे सुवर्ण चीनच्या तेरा वर्षांच्या त्सुई छेनशीने नेले आणि त्याच स्पर्धेत फिलिपिन्सची एक नऊ वर्षांची मुलगी पार्कच्या अंतिम फेरीत उतरली.

हा खेळ फक्त लहान वयाचा आहे, असे मात्र कृपया समजू नये. टोकियोचा सुवर्णविजेता युतो होरिगोमे पॅरिसला पुन्हा जिंकला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा अँडी मॅकडोनाल्ड एक्कावन्नाव्या वर्षी खेळला. कारकीर्द लांब असू शकते, पण तिचा पाया सात-आठ ते तेरा-चौदा या वयात घातला जातो. अंग हलके असते, पडण्याची भीती मनात बसलेली नसते आणि एकच हालचाल दिवसातून दोनशे वेळा करून पाहण्याचा हट्ट असतो. ती सहा वर्षे हातची गेली की पुढे कितीही निधी दिला तरी ती परत मिळत नाहीत.

रायसा लेआलची कारकीर्द मी मुद्दाम थोडी सविस्तर सांगते, कारण आपल्याला जे करता येण्यासारखे आहे ते तिच्यात स्पष्ट दिसते. ती रिओची नाही आणि साओ पाउलोचीही नाही. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या मारान्याऊ राज्यातल्या इंपेराट्रिझ या शहरात तिचा जन्म 2008 मध्ये झाला. 2015 मध्ये, सात वर्षांची असताना, परीचा निळा पोशाख घालून पायऱ्यांवरून उडी घेत तिने केलेल्या 'हीलफ्लिप'ची (टाचेने बोर्ड हवेत गोल फिरवून पुन्हा त्यावर उतरणे) चित्रफीत जगभर पाहिली गेली. टोनी हॉकसारख्या दिग्गज स्केटबोर्डरने ती इतरांना दाखवली आणि तेव्हापासून ब्राझीलमध्ये तिला 'छोटी परी' म्हणतात. त्या चित्रफितीत ती आधी दोनदा पडते. तिसऱ्या वेळी चारही चाके जमिनीवर नीट टेकतात. त्यानंतर अकराव्या वर्षी 'स्ट्रीट लीग' या व्यावसायिक मालिकेतल्या लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत विजय आणि जागतिक स्पर्धेचे रौप्य, तेराव्या वर्षी ऑलिम्पिकचे रौप्य, सोळाव्या वर्षी पॅरिसचे कांस्य, अशी तिची वाटचाल झाली. टोकियोचे पदक तिच्या हाती आले तेव्हा ती नवखी नव्हती, तिच्या मागे सहा-सात वर्षांचा सराव होता. त्या वर्षांत तिच्याकडे प्रमाणपत्र मागून कुणी दार लावून घेतले असते, तर पुढची ओळ लिहिलीच गेली नसती.

त्या सरावात नेमके काय असते, हे दुरून कळत नाही. माझ्या मुलीने ऑली शिकायला चार महिने घेतले. ऑली म्हणजे हात न लावता बोर्डासकट हवेत उठणे. मागच्या पायाने बोर्डाची शेपटी जमिनीवर आपटायची आणि त्याच क्षणी पुढचा पाय वर सरकवत बोर्ड सपाट करायचा. तो पाय बोर्डावरच्या सँडपेपरसारख्या ग्रिप टेपवरून घासत जातो, त्यामुळे करंगळीच्या बाजूला बुटाला भोक पडते आणि दोन-अडीच महिन्यांत जोडी जाते. आमच्या घरी दाराआड अशा एकाच बाजूने फाटलेल्या बुटांच्या जोड्या ठेवलेल्या आहेत. ती टाकू देत नाही. चाक जेमतेम 52 ते 54 मिलिमीटर व्यासाचे आणि कडक असते. हरभऱ्याएवढा खडा त्याखाली आला तरी बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि मूल पुढे फेकले जाते. सोसायटीच्या फरशीच्या सांध्यांवर आणि खडी वर आलेल्या डांबरी रस्त्यावर हा खेळ शिकता येत नाही. गुळगुळीत काँक्रीट ही या खेळात चैन नाही, कुस्तीला जशी माती तसे याला काँक्रीट.

कुस्तीचे नाव मी विचारपूर्वक घेतले. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या, म्हणून पहिलवान घडले. तालमीच्या दारात आठ वर्षांच्या पोराकडे कुणी पदक मागत नाही. ते आधी माती उकरते, मोठ्यांची लढत बघते, वस्तादांची बोलणी खाते आणि असे करता करता पुढे जाते. स्केटबोर्डिंगची मुलेही याच रीतीने शिकतात. पंधरा वर्षांचा मुलगा नऊ वर्षांच्या मुलीला पाय कुठे ठेवायचा ते दाखवतो आणि तिचा डाव जमला की आपले बोर्ड जमिनीवर आपटून दाद देतो. ही विद्या एकट्याने, बंद दाराआड येत नाही. चार जण जमतील अशी उघडी जागा तिला लागते.

अशी एक जागा काय करू शकते, याचे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या गावी 2015 मध्ये उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी स्केटपार्क बांधला. नियम दोनच ठेवले : शाळेत गेल्याशिवाय स्केटबोर्ड मिळणार नाही आणि पहिला मान मुलींचा. त्या गावातली आशा गोंड ही आदिवासी मुलगी 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. ज्या गावात स्केटबोर्ड कुणी पाहिलाही नव्हता, तिथून तीन वर्षांत हे घडले. माझ्या शाळेतल्या मुलींना मी हे सांगते, तेव्हा शाळेचा नियम ऐकून त्या माझ्याकडे बघतात आणि मुलींच्या मानाचा नियम ऐकून एकमेकींकडे.

आपल्या राज्यातही गुणवत्तेची वाण नाही. गुजरातमध्ये 2022 साली झालेल्या छत्तिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक महाराष्ट्राला मिळवून दिले. आता शासन खेळाडूंना जे देते त्याकडे पाहू. नोकरीतले पाच टक्के आरक्षण, दहावी-बारावीला सवलतीचे गुण, रोख पारितोषिके, शिवछत्रपती पुरस्कार या सर्वांबद्दल मला आदर आहे, परंतु यांतली प्रत्येक गोष्ट खेळाडूने स्पर्धेत काही केल्यानंतर येते. ऑलिम्पिकसाठी खेळाडू घडवण्याच्या राज्याच्या 'मिशन लक्ष्यवेध' योजनेसाठी निवडलेल्या बारा खेळांत स्केटबोर्डिंग नाही. व्यावसायिक स्केटबोर्डर होणे याचा या खेळातला अर्थ असा की एखादी कंपनी तुमच्या नावाचा बोर्ड बाजारात आणते, बूट आणि प्रवासखर्च देते आणि त्यावर तुमचे घर चालते. ते सारे बाजार करील, शासनाने करावे असे माझे म्हणणे नाही. मात्र त्याच्या आधीची सहा वर्षे बाजार सांभाळत नाही. ती आज आई-बापांच्या पगारावर आणि वॉचमनच्या मर्जीवर चालली आहेत.

एक साधी वजाबाकी मांडते. भारताने 2036 च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मागितले आहे. त्या वर्षी चौदा वर्षांची असणारी मुलगी 2022 मध्ये जन्मली, म्हणजे आज ती बालवाडीच्या वयाची आहे. तिला 2029-30 च्या सुमाराला बोर्ड हातात घ्यावा लागेल. इतर खेळांसाठी 2036 दूर असेल, पण या खेळाच्या दृष्टीने जागा ठरवण्याची वेळ हीच आहे.

जागा कुठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मुलांनी स्वतः शोधले आहे. आपल्या शहरांतल्या उड्डाणपुलांखाली छप्पर आहे, खांबांमध्ये सावली आहे आणि खाली बहुतेक ठिकाणी बेवारस गाड्या, राडारोडा किंवा पे अँड पार्क आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे उघड्यावर सराव होत नाही. ओल्या काँक्रीटवर चाक घसरते आणि बेअरिंग गंजतात. त्या चार महिन्यांत पुलाखालची कोरडी जागा सोन्यासारखी आहे. अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या बर्नसाइड पुलाखाली 1990 मध्ये तिथल्या मुलांनी स्वतः सिमेंट कालवून पार्क उभारला, पुढे नगरपालिकेने त्याला मान्यता दिली आणि तो आजही वापरात आहे. इतके दूर जायचे नसेल तर माटुंग्याला नागरिकांच्या आग्रहामुळे उड्डाणपुलाखाली चालण्याची बाग झालीच आहे. पुलाच्या सुरक्षिततेच्या आणि देखभालीच्या अटी असतील, त्या पाळूनच हे व्हावे.

म्हणून माझी विनंती अशी की क्रीडा विभागाने नगरविकास विभागाशी बोलून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि कोल्हापूर या शहरांत निदान एकेक पुलाखालची जागा या खेळासाठी राखून ठेवावी. तिथे प्रवेश विनामूल्य असावा आणि कोणतेही प्रमाणपत्र मागू नये. दुसरी विनंती बांधकामाबद्दल आहे आणि ती मी जरा कळकळीने करते. ज्यांनी कधी बोर्डावर पाय ठेवला नाही त्यांच्या आराखड्यावरून बांधलेल्या उतारांची वक्रता चुकते, काँक्रीटच्या सांध्यांत चाक अडकते आणि काठावरचा लोखंडी पाइप एक तर आत बुडतो किंवा नको तितका बाहेर येतो. अशा पार्कमध्ये मुले जखमी होतात, येईनाशी होतात आणि मग "कुणी वापरत नाही" असा शेरा मारला जातो. निविदेच्या आधी त्या शहरातल्या स्केटबोर्डरना बोलवावे, त्यांतली काही सोळा-सतरा वर्षांची असतील तरीही. साचा लावल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी त्यांना एकदा जागा दाखवावी. शिवाय दिवे, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह असावे. ते नसेल तर संध्याकाळी मुली येणार नाहीत आणि या खेळात भारताला पदकाची आशा बाळगायची तर ती आज मुलींकडूनच आहे.

इजेची काळजी आपल्या मनात येईल. ती माझ्याही मनात रोज असते. मुलीच्या कोपराला हळद लावण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या आहेत. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड सक्तीचे करावेत, त्याला कोणाही पालकाची हरकत नसेल. मात्र आज ही मुले रहदारीच्या रस्त्याच्या कडेला सराव करतात आणि मला भीती वाटते ती त्यांच्या पडण्याची नाही, मागून येणाऱ्या टेम्पोची.

आपण किंवा आपल्या विभागाचे कुणी अधिकारी पुण्यात असाल, तर एका रविवारी सकाळी आमच्याकडे यावे. सध्या आम्ही एका पुलाखाली जमतो. मुले सहालाच येतात, घरून आणलेल्या खराट्याने खडे झाडतात आणि मग बोर्ड खाली ठेवतात. साडेसातला तिथे गाड्या लावायला सुरुवात होते, त्यामुळे सातच्या आत आलात तर त्यांचा खेळ पाहता येईल.

आपली नम्र,
एक शिक्षिका आणि आई, पुणे