धाकट्याच्या आयटीआयबद्दल

स्टुटगार्ट, रविवार

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आईने दिलेला मसाला अजून पुरतो आहे आणि थंडीचा कोटही घेतला आहे, तेव्हा काळजी नसावी.

धाकट्याला फिटरच्या ट्रेडसाठी आयटीआयला जायचे आहे आणि त्यावरून तुम्ही त्याच्याशी बोलणे टाकले आहे, असे आक्काने फोनवर सांगितले. ‘एकाने हात काळे केले, दुसऱ्याने तरी पदवी घ्यावी,’ हे तुम्ही मला उद्देशून म्हणाला नाहीत हे मी जाणतो. तरी ते लागले. बेळगावच्या उद्यमबागेत मी सहा वर्षे लेथवर होतो, तेव्हा शेजारच्या मशीनवर इंजिनिअरिंग झालेला एक मुलगा माझ्याच पगारात काम करी, आणि शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्या पगारातून फिटत नसे. पदवी वाईट असे मी म्हणत नाही. धाकट्याची ओढ तिकडे नाही, एवढेच म्हणतो.

मी इथे घेतो आहे ते कारागिरीचे शिक्षण साडेतीन वर्षांचे असून आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात जातात, व विद्यावेतन पहिल्या महिन्यापासून मिळते. सुरुवातीचे काही आठवडे मला मशीनला हात लावू न देता नुसती कानस चालवायला लावली, याचा राग आला होता. पण मी सपाट केलेल्या तुकड्यावर त्यांनी गुण्या ठेवला आणि फटीतून उजेड दिसला, तेव्हा मी गप्प झालो. पुढे ‘माइस्टर’ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा दिली, तर इथल्या पात्रतेच्या आराखड्यात तिची पायरी पदवीइतकीच, म्हणजे सहावी. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत ही पायरी कोणी मोजत नाही, हे मात्र खरे.

परवा स्टेशनवर काळ्या कॉर्डरॉयचा कोट, घेरदार विजार आणि मोठी टोपी घातलेला, हातात काठी असलेला एक तरुण दिसला. मला तो कुठल्याशा पंथाचा वाटला, पण निघाला सुतार. शिक्षण पुरे झालेले असे काही कारागीर तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरतात, कधी पायी, कधी कोणाच्या गाडीतून; जवळ मोबाइल नसतो आणि घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचे नसते. निघणारा अविवाहित आणि बिनकर्जाचा असावा लागतो. अशा हिंडण्याने हात तयार होतो म्हणतात, पण आईबापांनी इतकी वर्षे वाट कशी पाहावी, हे मला अजून उमगलेले नाही. मला तर कोणी बंदी घातलेली नाही, तरी यंदा गणपतीला यायचे जमले नाही. पुढच्या वर्षी नक्की येईन.

त्या फिरत्या कारागिरांच्या, अविवाहित आणि बिनकर्जाचा, या दोन अटींपैकी माझ्यात एकच बसते. सोसायटीच्या हप्त्याचे पैसे बँकेत पाठवले आहेत. धाकट्याची फी त्यातून काढू नका, ती मी वेगळी पाठवतो. आणि निपाणीच्या स्थळाला ‘मुलगा जर्मनीत इंजिनिअर आहे’ असे कृपया सांगू नका. कारखान्यात शिकतो आहे, असेच सांगा. त्यावर त्यांनी नकार कळवला तरी मला वाईट वाटणार नाही.

आक्काला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
थोरला