मेंटॉरची फाईल आणि गेंदाचं बी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) समिती येणार म्हटलं की महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक आणि त्याच्याकडे सोपवलेल्या विद्यार्थ्यांच्या, फायली तयार होऊ लागतात. एका प्राध्यापकामागे किती विद्यार्थी हे मूल्यांकनात विचारतात, म्हणून हजेरीपटाचे तुकडे पाडून मुलं वाटली जातात. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, अशा फायली मीही भरल्या आहेत. पालकांचा फोन नंबर, घरची अडचण, ‘समुपदेशन केले’ आणि खाली सही. मुलाला विषय कितपत उमगतोय, याचा रकाना त्यात कधी नव्हता.

एक आठवण सांगतो. पावसाळा सरताना साताऱ्याजवळच्या एका सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर) सहल नेली होती. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गेंद घेऊन आली, म्हणजे सड्यावर उगवणारी, पांढऱ्या बटणासारख्या फुलोऱ्याची छोटी वनस्पती. “सर, ही जात कुठली?” मी सवयीने नाव सांगून मोकळा झालो. ती म्हणाली, “कशावरून?” खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या सरांनी त्याच सड्यावर तेच नाव सांगितलं होतं, एवढंच. गेंदाच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. एकेक फूल टाचणीच्या डोक्याएवढं, आणि निकाल पुष्कळदा बियांच्या कवचावरच्या नक्षीवर लागतो. पुढच्या तीन दुपारी आम्ही दोघं सूक्ष्मदर्शकाशी बसलो. शेजारी कुकचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला मुंबई इलाख्याचा ‘फ्लोरा’. त्यातली ओळखसूची (एकेक लक्षण तपासत जातीपर्यंत नेणारी यादी) पायरी-पायरीने उतरताना तिने माझ्याच चुका जास्त पकडल्या. मी सांगितलेलं नाव चुकीचं निघालं. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांशी ताडून पाहिलं तेव्हा कुठे खात्री पटली.

वर्गात मी फळ्यावर पुष्पसूत्रं (फुलाची रचना चिन्हांत मांडणारी सूत्रं) लिहायचो, मुलं उतरवून घ्यायची, जर्नल पूर्ण व्हायचं. (जर्नल कोणाचं बघून पूर्ण व्हायचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं.) त्या तीन दुपारी मात्र तिला कळलं की वनस्पतीचं नाव कुणीतरी पुराव्यावर ठरवलेलं असतं आणि आपल्यालाही ते तपासता येतं. विषयातलं मार्गदर्शन मी याला म्हणेन. सर अडतात कुठे आणि अडल्यावर काय करतात, हे विद्यार्थ्याला शेजारी बसून बघायला मिळालं पाहिजे.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा आठवडा ४० तासांचा, त्यात प्रत्यक्ष अध्यापन १६ तास. म्हणजे कागदावर वेळ आहे. पण पूर्णवेळ प्राध्यापक आहेत कुठे? कित्येक विभाग सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांवर चालतात. तासावर मानधन घेणाऱ्या, त्यासाठी दोन-दोन महाविद्यालयांत धावणाऱ्या तरुण शिक्षकाला ‘तास संपल्यावर मुलांबरोबर बस’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तरीही काही जण बसतात, पदरचा वेळ घालून.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला फील्ड प्रोजेक्ट आणला, हे मला मनापासून आवडलं. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. त्या तुकडीचं चौथं वर्ष २०२७-२८ मध्ये येईल. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना संशोधनासह ऑनर्स करता येईल, १२ क्रेडिटचा प्रबंध लिहून. पण जिथे झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट मुखपृष्ठ बदलून मिळतो, तिथे हा प्रबंध कसा लिहिला जाईल ते वेगळं सांगायला नको.

विद्यापीठांनी प्रोजेक्टच्या मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरावेत, सीएचबीच्या मानधनातही. आणि सुरुवात चौथ्या वर्षाला नको, पहिल्या वर्षीच व्हावी. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साधं ब्लेड, एखादं भिंग आणि एक छोटा प्रश्न पुरतो: महाविद्यालयाच्या आवारात गवताच्या जाती किती? आमच्या आवारातली यादी मी निवृत्त होईपर्यंत पूर्ण झाली नव्हती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा