काळा बंपर

ॲबिंग्डन, रविवार रात्र

दिग्या,

गणपतीपासून पत्र नाही म्हणून घालायच्या त्या शिव्या नंतर घाल. गाडी घेतली. एमजीबीच, एमजी कंपनीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. तुझी लाडकी लांबनाकी जॅग्वार ई-टाइप नव्हे. बीपी गोळीवर आहे, गुडघा तसाच.

पण गाडी १९७५ ची. हसलास ना? हो, काळा रबरी बंपर! सिड एनेव्हर आणि डॉन हेटरनी १९६२ साली काय देखणी गाडी दिली होती. खाली वेगळा सांगाडा, म्हणजे चॅसी नाही, भार बॉडीच पेलते. म्हणून आधीच्या एमजीएपेक्षा लांबीला कमी आणि आत जागा जास्त. मग अमेरिकेचा नियम आला, बंपर ठरावीक उंचीवर हवा. नवी गाडी काढायला एमजीच्या मालकांकडे, ब्रिटिश लेलँडकडे, पैसे कुठले? त्यांनी क्रोमच्या जागी हा रबरी बंपर लावला, आहे तीच गाडी इंचभर उचलली, वर पुढचा अँटी-रोल बारही काढला, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा तो. वळणावर अशी कलते की पेंड्याची लॅम्ब्रेटा आठवते.

‘कारकुनाची स्पोर्ट्स कार’ म्हणायचास तू, मेसमध्ये ताट आपटून. अरे, म्हणूनच तर ५ लाखांवर निघाल्या! तुझी राणी ई-टाइप ७२ हजारांच्या आसपास आटोपली. असो.

गॅरेजवाला म्हणतो, क्रोमचा बंपर लावू, गाडी खाली घेऊ, साठच्या दशकातली दिसेल. बरेच जण करतात. मीही हो म्हणणार होतो. तर परवा समोरचे आजोबा आले. ते इथल्याच एमजीच्या कारखान्यात होते, ऑक्टोबर १९८० मध्ये तो बंद पडेपर्यंत. बंपरवर बोटं वाजवून म्हणाले, “आम्हालाही आवडायचा नाही. पण शेवटची पाच-सहा वर्षं पगार याच्यावरच झाला.” आणि गेले चहा न घेता. आता लाव म्हणावं क्रोम!

घरात कुणाला सांगू? हिला दोन्ही बंपर सारखेच दिसतात. अँटी-रोल बार मात्र मी बसवणारच. १९७७ च्या मॉडेलला कंपनीनंच तो परत दिला होता, मागेही एक जोडला. तिथं आजोबांचीही हरकत नसावी. पण बंपर? काढला तर गाडी सुंदर होईल, आणि खोटी. ठेवला तर तू जन्मभर छळशील.

मुक्ताचं ठरलं म्हणे? तारीख कळव. जागेचा वाद मिटला का? वहिनींना नमस्कार.

क्रोमचा सेट दुकानदारानं महिनाअखेरपर्यंत बाजूला ठेवलाय. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता भांडतोस. लिही.

तुझा,
बंड्या