सोन्याला जूनमध्ये माझ्याकडे नेणार आहे

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई तू लगेच "जेवलीस का" विचारतेस आणि बाबा फोन सोन्याच्या हातात देतात, म्हणून लिहायलेय. सोन्याचं तिसरीचं ॲडमिशन मी इकडे पुण्यात केलंय, फी पण भरली. जूनपासून तो आपल्या आईजवळ, माझ्याजवळ राहील. रागावू नका, आधी पुरतं वाचा.

बाबा, दिवाळीत तुमच्या कपाटातली पिशवीभर पुस्तकं आणली होती ना, ती इतके महिने ऑफिसच्या बसमधून जाता-येता वाचायलेय. पहिलं 'वनवास' घेतलं. आपल्याच भागातलं, आपल्यासारखीच बोलणारी माणसं, त्यामुळं सुरुवातीला नुसती हसत होते. त्यातल्या लहानग्या लंपनला आजी-आजोबा किती जपतात, कशाची म्हणून कमी नाही, तरी मधेच त्याला आईची आठवण येते आणि आतल्या आत राहते. तिथं पुस्तक मिटलं बघा. दिवाळीनंतर मी निघाले तेव्हा सोन्या रडला नव्हता, गुपचूप माझी एक चप्पल न्हाणीत बादलीमागं नेऊन ठेवली होती. आपण सगळे किती हसलो.

ते लिहिणारे प्रकाश नारायण संत म्हणजे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, स्वतः आजोळी वाढलेले, म्हणूनच इतकं आतलं लिहिता आलं असं मला वाटतं. मग इंदिराबाईंच्या कविता काढल्या. 1946 ला नवरा गेला, बेळगावात नोकरी करून मुलांचं बघितलं, आणि कवितेत कुठं आरडाओरडा नाही. आई, तू त्यात पेन्सिलनं खुणा केल्यायस, अगदी बारीक, कुणाला दिसू नयेत अशा. कधी वाचायचीस गं? आम्ही तर तुला कधी बसलेली बघितलीच नाही.

'वंशवृक्ष' मात्र जड गेलं. भैरप्पांची 1965 ची कन्नड कादंबरी, मराठीत आपल्या बेळगावच्याच उमा कुलकर्णींनी आणलीय. विधवा कात्यायनी दुसरं लग्न करते आणि पोरगं सासऱ्यांकडे, श्रोत्रींकडे राहतं. श्रोत्री देवमाणूस, कुणाला दुष्ट म्हणता येत नाही, आणि पुढं तोच मुलगा तिच्या वर्गात विद्यार्थी म्हणून येऊन बसतो पण तिचा होत नाही. ते वाचून रात्रभर झोप नाही, आणि सकाळी शाळेत फोन केला.

बाबा, तुमचं काही कमी पडलं म्हणून नेत नाहीय हो. तुम्ही दोघं नसता तर माझी नोकरी राहिली नसती. त्याचे पाढे, शुभंकरोती, पोहणं, सगळं तुमचंच आहे आणि ते कुठं जात नाही. पण आईचे गुडघे त्याच्या मागं पळून दुखतात, ती सांगत नाही एवढंच.

इकडची काळजी करू नका. शिफ्ट सकाळची करून घेतलीय, शाळेची बस बिल्डिंगखाली येते, दुपारी खालच्या मजल्यावरच्या मावशी त्याला गरम जेवायला वाढतील. भाकरी मी रोज करणार. रात्री पाय चोळल्याशिवाय झोपत नाही ते माहीताय मला, मी पण तशीच होते ना आई, तुझा हात पायावरून काढलास की उठून बसायची. दिवाळी आणि मे महिना पूर्ण तिकडेच, मधे सलग सुट्टी आली की वंदे भारतनं येऊ, बेळगावला थांबते.

आता ऐका. बाबांनी बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, लोणचं ताटात घ्यायचंच नाही, आणि तिसऱ्या गेटकडं स्कूटर न्यायची नाही, रिक्षा करायची. आई, स्टुलावर चढून वरचे डबे काढू नकोस, मी आल्यावर सगळे खाली लावून देते. काळा मसाला थोडाच कर, मिरच्या दळून आण, कांडत बसू नकोस.

आणि सोन्याला आधी काही बोलू नका. मी एप्रिलच्या शेवटी येते, मीच सांगते. तो "आजी पण येणार का" विचारेल, तेव्हा आई तू रडू नकोस, येणार म्हण, आणि खरंच ये. पावसाळा संपला की दोघं महिनाभर या, कॉट घेतलीय, खाली झोपायला लागणार नाही.

तुमची,
बेबी