गूढ धातुस्तंभ आणि तुडवली जाणारी जमीन

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुर्गम प्रदेशात अचानक आढळणाऱ्या चकचकीत धातुस्तंभांच्या बातम्या गेली काही वर्षे सर्वच वृत्तपत्रे मोठ्या कुतूहलाने छापत आहेत. तो कोणी उभारला असेल, यावर रकानेच्या रकाने खर्ची पडतात. ज्या जमिनीत तो रोवला गेला तिचे पुढे काय झाले, हे मात्र बातमीच्या शेवटी एखाद्या ओळीत येते किंवा येतच नाही. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे आणि तो बदलणे वृत्तपत्रांच्या हाती आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेच्या युटा राज्यातील स्तंभापासून या प्रकाराला जगभर प्रसिद्धी मिळाली. १८ नोव्हेंबर २०२० रोजी बिगहॉर्न जातीच्या रानमेंढ्यांची हेलिकॉप्टरमधून गणना करणाऱ्या सरकारी पथकाला तांबड्या वालुकाश्माच्या एका अरुंद घळीत सुमारे तीन मीटर उंचीचा, धातूचे पत्रे रिव्हेटने जोडून केलेला त्रिकोणी स्तंभ दिसला. उपग्रहांची जुनी छायाचित्रे पाहता तो ऑगस्ट २०१५ ते ऑक्टोबर २०१६ या काळात केव्हातरी उभारला गेला असावा, असे नंतर आढळले. म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ तो तेथे होता आणि त्याच्यासाठी खडकात कापलेली खाच सोडली, तर कोणाला ठाऊकच नसल्यामुळे आजूबाजूच्या जमिनीला त्याचा विशेष उपद्रव झाला नव्हता. पाहायला निघालेले लोक त्या आडरानात अडकून पडतील आणि त्यांच्या सुटकेसाठी धावावे लागेल, हे ओळखून अधिकाऱ्यांनी जागेचा पत्ता जाहीर करण्याचे टाळले होते. परंतु हेलिकॉप्टरचा मार्ग आणि उपग्रहचित्रे ताडून हौशी शोधकांनी बातमी पसरल्यावर थोड्याच दिवसांत तो हुडकून काढला आणि तेथे माणसांची व वाहनांची रीघ लागली. वाहनतळ नाही, स्वच्छतागृह नाही, धड रस्ताही नाही. त्यामुळे गाड्या झुडपांवरून गेल्या आणि मानवी विष्ठा उघड्यावर पडून राहिली. २७ नोव्हेंबरच्या रात्री काही जणांनी स्तंभ उखडून नेला, तेव्हा त्यांनी हीच नासधूस आपल्या कृतीचे कारण म्हणून सांगितली.

ओसाड जागेत बिघडण्यासारखे काय असते, असे ज्यांना वाटते त्यांनी तेथील मातीविषयी जाणून घ्यावे. युटाच्या वाळवंटी पठारावर मातीच्या पृष्ठभागावर सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांचा एक खडबडीत, काळसर, जिवंत थर असतो. वाळूचे कण बांधून धरणे, वाऱ्यापावसाने होणारी धूप रोखणे, ओलावा टिकवणे आणि हवेतील नायट्रोजन मातीत आणणे ही सारी कामे तो थर करतो व त्याच्याच आधाराने तेथील झाडे तग धरतात. एका पावलाने किंवा चाकाने तो क्षणात मोडतो आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात. म्हणूनच तेथे ठरलेली वाट सोडून चालू नये, असे अभ्यागतांना वारंवार बजावले जाते. स्तंभाकडे नेणारी तर वाटच नव्हती.

पुढे जे स्तंभ उभे राहिले, त्यांच्या कर्त्यांना हे सारे ठाऊक असणार, म्हणून त्यांचा दोष मला अधिक गंभीर वाटतो. रोमानियात पियात्रा न्याम्त्स शहराजवळ स्तंभ आला तो प्राचीन डेशियन किल्ल्याच्या, म्हणजे पुरातत्त्वीय संरक्षण असलेल्या परिसरात. जून २०२४ मध्ये लास वेगासच्या उत्तरेला गॅस पीक या शिखरानजीक एक आरशासारखा स्तंभ सापडला. तो भाग १९३६ साली मुख्यतः वाळवंटी रानमेंढ्यांच्या रक्षणासाठी राखून ठेवलेल्या अभयारण्याचा आहे. सुरक्षितता आणि पर्यावरण ही कारणे देऊन पोलिसांनी तो काही दिवसांतच हलवला. गज आणि काँक्रीट वापरून अभयारण्यात केलेल्या बांधकामाला निरुपद्रवी गंमत म्हणण्याची माझी तयारी नाही.

कलेला असे नियम लावू नयेत, असा एक युक्तिवाद केला जातो. विस्तीर्ण, निर्मनुष्य भूमीवर कलाकृती असू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. त्याच युटा राज्यात नॅन्सी होल्ट यांनी १९७६ मध्ये पूर्ण केलेली ‘सन टनेल्स’ ही काँक्रीटच्या चार प्रचंड नळकांड्यांची रचना मला अत्यंत मोलाची वाटते. पण त्यासाठी त्यांनी आधी ४० एकर जमीन स्वतः विकत घेतली होती. न्यू मेक्सिकोत वॉल्टर डी मारिया यांनी १९७७ मध्ये ४०० पोलादी खांब उभारले. तेथे एका वेळी जास्तीत जास्त सहाच पाहुण्यांना मुक्कामाला येता येते. या कलावंतांनी आपले नाव लावले, जागेची जबाबदारी घेतली आणि माणसांच्या वर्दळीचाही विचार केला. निनावी स्तंभ रोवणारा यांपैकी काहीही करत नाही. सार्वजनिक जमीन सर्वांची असते, म्हणूनच तिच्यात परवानगीविना काही उभारण्याचा हक्क कोणा एकाला असू शकत नाही.

आपणांस माझी विनंती अशी की, यापुढे असा स्तंभ कोठेही आढळला तर बातमी अवश्य द्यावी, पण तेथपर्यंत पोहोचवणारा नकाशा, अक्षांश-रेखांश किंवा वाटेचे वर्णन छापू नये. जमीन कोणाच्या अखत्यारीत आहे, तेथे कोणते जीव राहतात आणि परवानगी घेतली होती का, हे पहिल्याच परिच्छेदात यावे. स्तंभ हलवल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच जागेची पुन्हा बातमी करावी आणि तेथील साफसफाई कोणी केली व तिचा खर्च कोणावर पडला, हे वाचकांना सांगावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक